ऐंशीला अंगात येतं

आमची जुनी पिकअप सोलापूर गावात गरीब गाय आहे. सात रस्ता म्हणा, पार्क चौक म्हणा, कुठंही न्या, मान खाली घालून चालते. पुणे रोडला बाळ्याची वस्ती मागं पडली आणि काटा ७५च्या पुढं सरकला की हिला कंप सुटतो. ८०ला स्टिअरिंग घुमायला लागतं, ८५ला आरशातला ट्रक एकाचे तीन दिसतात, आणि ९५ला बाई एकदम शांत, जणू काही झालंच नाही. मालवाहू गाडीला चौपदरी रस्त्यावर मर्यादा ८०ची. म्हणजे सरकारनं आखलेल्या रेषेवर पाय ठेवला की हिचं वारं सुरू. कायदा पाळावा तर थरथर, थरथर टाळावी तर चलान.

गॅरेजवाला गाडीत बसतो, पुढच्या चौकापर्यंत ३०नं जाऊन येतो, हात पुसतो. "काय बी नाय की ओ मालक, मख्खन चालतीया." ताप उतरल्यावर रोग्याला डॉक्टरकडं न्यावं, तशी ही तपासणी. तेवढ्यात पानटपरीवरून उपाय येतो, "अलाइनमेंट करून घ्या." सोलापुरात या उपायाला तोड नाही, घरात भांडण झालं तरी लोक अलाइनमेंट सुचवतील. अलाइनमेंट बिघडलं तर गाडी एका बाजूला ओढते, टायर एकाच कडेनं झिजतो. ठरावीक वेगालाच येणारी थरथर सहसा त्याच्यामुळं येत नाही. तरीही पहिला खर्च सगळे तिथंच करतात.

अंगात आलं की देवरुषी आधी विचारतो, "कोन हाईस तू?" तेच विचारायचं. हादरा स्टिअरिंगला येत असेल तर संशय पुढच्या चाकांवर. सीटला आणि पायाखालच्या पत्र्याला येत असेल तर मागच्या चाकांवर किंवा इंजिनाचा जोर मागच्या चाकांकडं नेणाऱ्या शाफ्टवर. मात्र चौकशीआधी सीटवरची चादर काढा. चौघडी घातलेली सोलापुरी चादर अर्धा पुरावा गिळते, हे तिच्या कौतुकानंच सांगतोय. पाण्याची अर्धी भरलेली बाटली पायाशी ठेवली की पत्रा किती थरथरतो ते डोळ्यांनी दिसतं.

मग मोकळा, सरळ रस्ता बघून ८०ला गाडी न्यूट्रल करायची. किल्ली बंद करायची नाही. इंजिन थांबलं की ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूमही थोड्या वेळात संपतो. इंजिन मंद झालं तरी हादरा तसाच राहिला तर दोष चाकात नाहीतर शाफ्टमध्ये. गेला तर इंजिनाची माउंटिंग आणि क्लच बघा. अॅक्सिलेटर दाबल्यावरच येत असेल तर शाफ्टचे क्रॉस (टोकांचे हलते सांधे), ब्रेक दाबल्यावरच येत असेल तर पुढची डिस्क.

चाक आणि शाफ्ट यांतला फरक बुडाला कळतो. २१५/७५ आर १५ टायरचा घेर साधारण २.२ मीटर. ८०च्या वेगाला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते, म्हणजे चाक सेकंदाला १० फेरे मारतं. मागच्या डिफरन्शियलचं गुणोत्तर ४च्या आसपास, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे चार, म्हणून शाफ्टचे फेरे सेकंदाला ४०च्या आसपास. चाकाची धडधड असते, शाफ्टची झिणझिण. पहिलीत खिशातली नाणी वाजतात, दुसरीत दात.

आता खरा गुन्हेगार, आपली काळी माती. उसाच्या फडातून गाडी बाहेर आली की रिंगच्या आतल्या बाजूला चिखलाचा थर बसतो. उन्हात तो असा वाळतो की कडक भाकरीनं लाजावं. बाहेरून चाक पुसून चकचकीत करतात, आत कोण डोकावतंय? समजा २०० ग्रॅमचं ढेकूळ एकाच जागी चिकटलंय, मध्यापासून १८ सेंटिमीटरवर. ८०च्या वेगाला ते चाकाला १४ किलोच्या आसपास ओढतं, तेही सेकंदाला दहा वेळा, दर वेळी नव्या दिशेला. ४०च्या वेगाला हाच जोर पाव होतो, साडेतीन किलो. म्हणून सात रस्त्याला गाय आणि बाळ्याच्या पुढं वारं. ९५ला शांत होण्याचं कारण वेगळं. सस्पेन्शन आणि स्टिअरिंगला स्वतःची एक लय असते. चाकाची लय तिच्याशी जुळली की दोघं मिळून नाचतात, पुढं गेली की ताल चुकतो. तेव्हा ढेकूळ बरं झालेलं नसतं.

म्हणून पहिलं हत्यार जुना स्क्रू-ड्रायव्हर आणि पाण्याची नळी. खर्च शून्य, घाम भरपूर. त्यानंतर बॅलन्सिंग, म्हणजे रिंगला शिशाची वजनं लावून चाकाचा तोल साधणं, आणि तेही चारही चाकांचं. "मागची चाकं मालासाठी हायती, त्यास्नी काय करायचंय," असं म्हणणाऱ्याकडं जाऊ नका. जुनी वजनं काढायला लावा, चाक ज्यावर बसतं तो मशीनचा शंकू पुसायला लावा. पडद्यावर शून्य आलं की चाक सोडवून, अर्धा फेरा फिरवून पुन्हा बसवायला सांगा. आकडा फार बदलला तर चाक मशीनवर वाकडं बसत होतं. दुकानदार तोंड वाकडं करतो, करू दे. एका चाकाला १०० ग्रॅमच्या वर शिसं लागत असेल तर शिशानं झाकू नका. रिंग वाकलीय नाहीतर टायर फुगलाय. जॅकवर चाक उचला, विटेवर खडू टेकवून रिंगच्या कडेजवळ धरा आणि चाक हातानं फिरवा. दीड मिलिमीटरपेक्षा जास्त वरखाली होत असेल तर खड्ड्यानं आपलं काम केलंय. रबर चढवलेल्या टायरवर तळवा फिरवून उंचवटा शोधा. सापडला तर तो टायर हायवेला नेऊच नका. चाक वरच असताना वरून-खालून धरून हलवून बघा; खेळ लागला तर बेअरिंग, किंगपिन नाहीतर बॉल जॉइंट. आणि संशयित चाक पुढून मागं टाका. हादरा स्टिअरिंगवरून सीटखाली गेला की चोर हाती लागला.

एवढं करूनही झिणझिण राहिली तर गाडीखाली जा. शाफ्ट हातानं पिळून बघा. उभी गाडी निघताना 'खट्' होत असेल तर क्रॉस गेलाय. शाफ्टला मधे आधार देणाऱ्या सेंटर बेअरिंगचं रबर लोंबतंय का तेही बघा. शाफ्ट उतरवायच्या आधी दोन्ही तुकड्यांवर रंगानं खूण करा. सरकत्या जोडाचे दाते एखाद्या घरानं जरी चुकले तरी दोन टोकांचे क्रॉस एका रेषेत राहत नाहीत, आणि नवे क्रॉस टाकूनही जुनीच थरथर घरी येते.

मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांचा विषय नाजूक आहे, कारण इथं इज्जत गुंतलेली असते. "दोन पाटं वाढीवल्यात," हे मालक मुलीचं लग्न ठरल्यासारखं सांगतो. मागचा भाग वर उचलला जातो, शाफ्टचा कोन बदलतो, क्रॉस वाकडेच फिरतात. रिकामी गाडी थरथरते आणि माल भरला की गप्प बसते, तर पाट्यांकडंच बोट दाखवायचं. अॅक्सल आणि पाट्यांच्या मधे योग्य कोनाची पाचर घालता येते, किंवा पाटं काढता येतात. दुसरा उपाय सुचवताना दोन पावलं मागं उभं राहावं.

शेवटी चाकाचे नट समोरासमोरचे आळीपाळीनं कसा, ५० किलोमीटर झाल्यावर पुन्हा बघा. मेकॅनिकला शेजारी बसवून सावळेश्वरच्या टोलनाक्याच्या अलीकडपर्यंत न्या, म्हणजे "मख्खन" कशाला म्हणतात यावर दोघांचं एकमत होईल. परतल्यावर चादर सीटवर घाला. गाडी गुपचूप चाललेली बघून पानटपरीवरून हाक येतेच, "केलं का नाय अलाइनमेंट? मी म्हनलो होतो की!"