‘एसयू कार्बोरेटर गळायचेच’ म्हणणाऱ्यांना उत्तर

जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्‌स कार बाळगणाऱ्यांमध्ये, विशेषतः एमजीबी हे मॉडेल असणाऱ्यांमध्ये, एसयू या कंपनीच्या कार्बोरेटरबद्दल (इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) एक सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय: “एसयू कार्बोरेटर गळणारच, ती त्यांची खोडच. झाकणाखाली सीलंट फासा, ओव्हरफ्लोच्या नळीला बूच मारा, प्रेशर रेग्युलेटर बसवा. सगळं इथेनॉलचं पाप आहे. कंटाळलात तर वेबर कंपनीचा कार्बोरेटर लावा.” यातलं एखादं वाक्य अर्धं खरं. बाकी आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

आधी बुचाचं बोलू, कारण ते जिवावर बेतणारं आहे. एमजीबीच्या इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला. म्हणजे दोन्ही कार्बोरेटर तापलेल्या एक्झॉस्टच्या अगदी डोक्यावर. म्हणूनच फ्लोट चेंबरमधलं (कार्बोरेटरची पेट्रोल साठवणारी छोटी वाटी) जास्तीचं पेट्रोल नळीने एक्झॉस्ट ओलांडून खाली रस्त्यावर सोडलेलं आहे. तीच नळी चेंबरला हवाही देते. बूच मारलं म्हणून पेट्रोल थांबत नाही. ते जेटमधून, म्हणजे इंजिनाकडे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक नळीतून, वर येतं, सिलिंडरमध्ये उतरतं, तिथून ऑइलमध्ये. डिपस्टिक काढून वास घ्या, कळेल.

सीलंटची गोष्टही तशीच. चेंबरमधली पातळी बरोबर असेल तर पेट्रोल त्याच्या झाकणापर्यंत पोचतच नाही. गॅस्केट ओलं झालंय म्हणजे पातळी चढलीय. साधं सिलिकॉन पेट्रोलमध्ये फुगतं, त्याचे तुकडे सुटतात आणि जेटकडे जातात, हा वरचा बोनस.

पातळी चढते ती नीडल वॉल्व्हमुळे नाहीतर फ्लोटमुळे. फ्लोट म्हणजे पेट्रोलवर तरंगणारा गोळा; तो वर आला की नीडल तिच्या सीटमध्ये बसून पेट्रोल बंद करते. नीडल काढून भिंगाखाली धरा. निमुळत्या टोकाभोवती गोल चर पडलेली दिसली की ती गेली. सीटसकट जोडी बदला. टाकीतल्या गंजाचा एखादा कणही नीडल उघडी ठेवायला पुरतो, त्यामुळे फिल्टरही बघा. फ्लोट कानाशी हलवा, मग गरम पाण्यात बुडवा. बुडबुडे आले तर भोक आहे. ज्या फ्लोटची उंची जुळवता येते, त्याच्या चेंबरचं झाकण उलटं धरल्यावर फ्लोटची दांडी आणि झाकणाची कड यांत 3 ते 5 मिमी फट हवी.

रेग्युलेटर? मूळ एसयू पंप साधारण 3 पीएसआय (दाबाचं एकक) इतकाच दाब देतो आणि चांगली नीडल तो आरामात अडवते. कुणी मध्ये जास्त दाबाचा पंप बसवला असेल तरच रेग्युलेटरला अर्थ आहे, आणि ते दाब मोजणारं गेज लावून ठरवायचं. तोवर नुसते कान द्या. इंजिन बंद ठेवून इग्निशन चालू केलं की पंपाने काही वेळा टिकटिक करून गप्प बसायला हवं. टिकटिक चालूच राहिली तर पेट्रोल कुठेतरी निघून चाललंय, नाहीतर पंप हवा ओढतोय.

इथेनॉलचा आरोप अर्धा खरा. ब्रिटनमध्ये 2021 पासून साधं पेट्रोल ई-10 (10 टक्क्यांपर्यंत इथेनॉल) आहे, आपल्याकडे तर ई-20 आलंय. जुने रबरी होज त्याने कडक होतात, चिरतात. इथेनॉल सोसणारा, जे-30 आर-9 हे मानक छापलेला होज घ्या, प्रश्न मिटला. पण झिजलेल्या नीडलचं खापर इथेनॉलवर फोडू नका.

गंमत म्हणजे गळतीची एक हमखास जागा या सल्ल्यात नाहीच. सुरुवातीच्या एमजीबीवर एसयूचे एचएस-4 मॉडेलचे कार्बोरेटर असायचे. त्यात फ्लोट चेंबरच्या तळातून जेटकडे एक बारीक नायलॉनची नळी जाते. चोक ओढला की जेट खाली येतो आणि नळी वाकते. वर्षानुवर्षं वाकून ती टोकाशी तडकते, नाहीतर तिच्यावरचं रबरी सील मरतं. सील नवंच घाला, नळीचं टोक त्यातून सुमारे 5 मिमी बाहेर ठेवा आणि नट बेताने आवळा. पुढच्या आणि मागच्या कार्बोरेटरचे जेट वेगळे असतात, मागवताना बघून घ्या. पुढे आलेल्या एचआयएफ मॉडेलमध्ये चेंबर कार्बोरेटरच्या पोटातच आहे, तिथे ही नळी नाही.

राहिला वेबर. त्याला वेगळा मॅनिफोल्ड लागतो, वेगळं लिंकेज लागतं, नव्याने जेटिंग करावं लागतं. आणि आत पुन्हा फ्लोट आहे, नीडल आहे, सीट आहे. टाकीतला गंजही तोच.