अपवादांची यादी पाठ का करून घेत नाही

नमस्कार सर. इतकं सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल आभार. आपला आक्षेप असा की, आवर्त सारणीच्या गणात (उभ्या स्तंभात) खाली जाताना अणू मोठा होतो आणि आयनीभवन ऊर्जा, म्हणजे अणूतून इलेक्ट्रॉन काढायला लागणारी ऊर्जा, घटते, एवढं पक्कं करून घ्यावं. गॅलिअम, थॅलिअम अशा अपवादांची यादी पाठ करायला द्यावी. कारणं सांगत बसून साताऱ्याच्या बी.एस्सी.च्या मुलांचा गोंधळ वाढवू नये.

बारावीपर्यंत मला हे मान्य आहे. त्यापुढे नाही. ज्यांना आपण अपवाद म्हणता, ते नियमामागच्याच कारणातून आलेले आहेत.

गॅलिअमच घ्या. ॲल्युमिनिअमच्या केंद्रकात १३ प्रोटॉन, गॅलिअमच्या ३१. मध्ये ३डी हे उपकवच भरून झालेलं असतं आणि डी इलेक्ट्रॉनांचं शिल्डिंग, म्हणजे केंद्रकाची ओढ बाहेरच्या इलेक्ट्रॉनांपासून अडवणं, कच्चं. त्यामुळे एक कवच वाढूनही बाहेरचे इलेक्ट्रॉन सैल होत नाहीत. आकार जवळचा, भारही +३, म्हणून खनिजात ॲल्युमिनिअमच्या जागी गॅलिअम सहज बसतं. आपल्या कासच्या पठारावर पावसानं खडकातलं बाकी सगळं धुऊन नेलं आणि लोह-ॲल्युमिनिअम मागे ठेवून जांभा घडवला; बॉक्साइट तशाच झिजेतून होतं, आणि जगातलं बहुतेक गॅलिअम बॉक्साइटमधूनच मिळतं. कॉस्टिक सोड्यात दोन्ही विरघळतात. पुढे ॲल्युमिनिअम हायड्रॉक्साइड खाली बसतं. गॅलिअमचं हायड्रॉक्साइड अधिक आम्लधर्मी असल्यानं ते द्रावणातच साठत जातं. हे सगळं यादीतल्या एका ओळीत कसं मावणार?

झिर्कोनिअमच्या खालच्या हॅफ्निअमच्या बाबतीत हेच काम मध्ये भरलेलं ४एफ उपकवच करतं: झिर्कोनिअमची त्रिज्या १६० पिकोमीटर, हॅफ्निअमची १५९. म्हणूनच ते १९२३ पर्यंत झिर्कोनिअमच्या खनिजांत दडून राहिलं.

थॅलिअमची ओळ मला सगळ्यात खटकते. 'निष्क्रिय जोडी परिणाम' (बाहेरची ६एस इलेक्ट्रॉनांची जोडी बंधात सहज भाग घेत नाही) एवढं लिहून मुलं मोकळी होतात. जोडी निष्क्रिय का, हे कुणी विचारत नाही. ४एफ आणि ५डी दोन्हींचं शिल्डिंग कच्चं, शिवाय इतक्या जड केंद्रकाजवळ सापेक्षतेचा परिणाम ६एस आणखी आत खेचतो. तीन बंध करायचे तर ती जोडी सोडवावी लागते, आणि थॅलिअम-क्लोरीन बंध इतके दुबळे की तो खर्च भरून निघत नाही. म्हणून ट्रायक्लोराइड सहज क्लोरीन सोडून मोनोक्लोराइड होतं.

एक विनंती. आपल्या वर्गात ॲल्युमिनिअम, गॅलिअम, इंडिअम, थॅलिअम यांच्या पहिल्या आयनीभवन ऊर्जा फळ्यावर लिहा: ५७८, ५७९, ५५८, ५८९ किलोज्यूल प्रति मोल. नियम सांगू नका, यादीही देऊ नका. मुलं काय विचारतात, ते मला इथे जरूर कळवा.