कोवळ्या उन्हानं डीएनए दुरुस्त होतो, पण कांगारूचा

रंकाळ्यावर सकाळी फिरणाऱ्या आमच्या ग्रुपवर आठवडाभर एकच मेसेज फिरतोय: 'सूर्यप्रकाशातलं एन्झाइम बिघडलेला डीएनए दुरुस्त करतं. याला नोबेल मिळालंय. टोपी, क्रीम सोडा, ऊन अंगावर घ्या.' निव्वळ थाप असती तर सोडून दिली असती. पण यात अर्धं खरं आहे, तेच जास्त नडतं.

पहिलं म्हणजे, एन्झाइम उन्हात नसतं, पेशीत असतं. नाव फोटोलायेज. अतिनील किरणांमुळे डीएनएच्या एकाच धाग्यावरचे शेजारी-शेजारी असलेले दोन थायमिन (डीएनएच्या चार अक्षरांपैकी एक) एकमेकांना चिकटतात. फोटोलायेजच्या अंगात एक खोल खळगा आहे, ई. कोलाय जिवाणूतल्या एन्झाइमची रचना १९९५ मध्ये उलगडली तेव्हा तो दिसला. त्याच्या तळाशी एफएडी हा रेणू घोड्याच्या नालासारखा वाकून बसलेला असतो. चिकटलेली जोडी धाग्यातून बाहेर वळते आणि नेमकी या खळग्यात मावते. दुसरा एक रेणू अँटेनासारखा प्रकाश टिपून एफएडीकडे पोचवतो. एफएडी जोडीला एक इलेक्ट्रॉन उसना देतो, जोड सुटतो, इलेक्ट्रॉन परत येतो. उसनवारी इतक्या लवकर फिटलेली आमच्या पेठेत तरी कुणी पाहिली नसेल: सगळा व्यवहार सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्या आसपास!

आता 'ऊन अंगावर घ्या'. फोटोलायेज जिवाणूंत आहे, बेडकात आहे, कांगारूत आहे, पंचगंगेकाठच्या उसाच्या पानातही आहे. आपल्यात नाही. वार (पोटातल्या गर्भाला पोसणारा अवयव) असणाऱ्या, म्हणजे आपल्या, सस्तन प्राण्यांच्या वंशात ते हरवलं. त्याचा भाऊबंद क्रिप्टोक्रोम आपल्याकडे आहे, चेहरामोहरा तोच, पण तो शरीराचं घड्याळ सांभाळतो.

आपल्या पेशी बिघडलेल्या जागेसकट सुमारे ३० अक्षरांचा तुकडा कापून काढतात आणि नवा विणतात. अंधारातही. काही मुलांत ही यंत्रणा जन्मतःच बिघडलेली असते. मेसेज खरा असता तर ऊन त्यांचं औषध ठरलं असतं. प्रत्यक्षात त्यांना लहानपणीच त्वचेचा कर्करोग होऊ शकतो, आणि उन्हापासून जपावं लागतं.

नोबेलचं म्हणाल तर २०१५ चं रसायनशास्त्राचं, लिंडाल, मॉड्रिच आणि सँकार यांना. सँकार यांनी फोटोलायेजवर कित्येक वर्षं घातली, पण त्यांच्या वाट्याच्या पारितोषिकात मुख्य मान या कापाकापीच्या यंत्रणेला होता.

'मग व्हिटॅमिन डीचं काय?' असं एका काकांनी विचारलंच. काका, ज्या यूव्हीबी या अतिनील किरणांनी ते बनतं, तेच थायमिनही चिकटवतात. थोडं ऊन घ्या की, पण टोपी घालून या.