क्षमा झाली, आता हिशेब कसला?

चर्चच्या मंडळीच्या दफनभूमी निधीतले पैसे खाल्लेत आणि पकडले गेलात? अजिबात घाबरू नका. परवाच्या उपासनेत एका बंधूंनी याच विषयावर साक्ष दिली. मागे कीबोर्डवर हळू सूर, डोळ्यांना रुमाल, "प्रभूने मला धुऊन शुभ्र केलं" आणि टाळ्या. रकमेचा आकडा तेवढा सांगायचा राहिला. ज्यांना हा मार्ग चोखाळायचा आहे त्यांच्यासाठी काही सूचना.

पकडले जाईपर्यंत पश्चात्ताप करू नका. फुकट जातो.

"मी घेतले" असं कधी म्हणायचं नाही. "माझ्याकडून काही गोष्टी घडल्या" म्हणा.

उरीयाची बायको बथशेबा घेऊन उरीयाला लढाईत मारवणाऱ्या दावीद राजाचा दाखला हमखास द्या, पण बायबलमधल्या 2 शमुवेलचा 12वा अध्याय 13व्या वचनाशी बंद करा. दावीद पाप कबूल करतो, नाथान संदेष्टा म्हणतो, परमेश्वराने तुझं पाप दूर केलं, तू मरणार नाहीस. आमेन! पुढचं वचन वाचलंत की पंचाईत. बथशेबेचं मूल सातव्या दिवशी मरतं. तलवार घर सोडणार नाही, हे तर नाथान आधीच सांगून बसलाय. मग दावीदाचा मुलगा अम्नोन सावत्र बहीण तामारेची अब्रू लुटतो, तिचा सख्खा भाऊ अबशालोम दोन वर्षं दबा धरून अम्नोनाला मारवतो, बापावर उठतो आणि झाडात अडकून दावीदाचा सेनापती यवाब याच्या हातून मरतो. क्षमा तर कधीच झाली होती. उरीया काही परत आला नाही.

येशूच्या शेजारी वधस्तंभावर खिळलेल्या चोराचंही नाव घ्या, त्याने कुठे भरपाई केली? फक्त "आपल्याला मिळालेली शिक्षा न्यायाचीच आहे" हे त्याचं बोलणं गाळा. आणि येशूकडून सुखलोकाचं, म्हणजे स्वर्गाचं, वचन मिळूनही त्याला कोणी खाली उतरवलं नाही, उलट शिपायांनी पाय मोडले, हेही गाळा.

कॅथलिक असाल तर पापनिवेदन करा, तीन वेळा "नमो मारिया" म्हणा आणि सुटा. मात्र फादरांनी "चोरलेलं परत कर" म्हटलं तर वाद घालू नका. त्यांच्या धर्मशिक्षण ग्रंथात 1459व्या परिच्छेदात तसं स्पष्ट छापलंय. पण त्यांना बाहेर बोलायला बंदी आहे, तेवढीच तुमची सोय.

कोणी पोलिसांचं नाव काढलं तर बायबलमधलं 1 करिंथ 6 उघडा. भावाने भावाला कोर्टात खेचू नये! 7व्या वचनावर थांबा. 8वं वचन, "तुम्ही भावांनाच लुबाडता", ते तुमच्याविषयी आहे.

आता जक्कय, लोकांना लुबाडणारा तो जकातदार. याच्यापासून चार हात लांब राहा. येशू आपण होऊन त्याच्या घरी उतरला, कृपा आधी आली, इथपर्यंत ठीक. पण या गृहस्थाला रडायचं सोडून आकडे सुचले. अर्धी मालमत्ता गरिबांना, लुबाडलेलं चौपट परत! कोणी मागितलं होतं? मोशेच्या नियमशास्त्राने चोरलेल्या मेंढरामागे चार आणि बैलामागे पाच ठरवले होते, पण कबुली देणाऱ्याला "गणना" या पुस्तकातल्या 5:7 प्रमाणे मुद्दल अधिक पाचवा हिस्सा एवढ्यावर सुटता येत होतं. म्हणजे लाख खाल्ले तर एक लाख वीस हजार. जक्कयाने स्वतःला चोराचा दर लावला. आणि नियमशास्त्राची चिकाटी बघा, ज्याला लुबाडलं तो मेला, त्याचा कोणी नातलगही उरला नाही, तरी पैसा खाणाऱ्याकडे राहत नाही; याजकाकडे जमा होतो. 8वं वचन! तीन हजार वर्षांपूर्वी एवढं कळत होतं, आणि आमच्या पास्टोरेट कमिटीला, म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्यांना, लेखापरीक्षण म्हटलं की "प्रेमाने घ्या" आठवतं. दफनभूमीची भिंत कमरेइतकी बांधून थांबली आहे. डुकरं थडग्यांवर लोळतात. त्या भिंतीसाठी विधवा बायकांनी दर महिन्याला पाकिटं भरली. त्यांनी हिशेब विचारला की त्यांच्यात बायबलमधलं ते "कडूपणाचं मूळ" रुजलंय म्हणे! तुमच्यात काय रुजलंय?

पुरे झाली थट्टा. ग्लॅडिस स्टेन्सबाईंनी 1999 साली नवऱ्याला आणि दोन कोवळ्या मुलांना जाळणाऱ्यांना क्षमा केली. तरी खटला चालला, मुख्य आरोपीची जन्मठेप सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली कायम केली, आणि म्हणून बाईंची क्षमा खोटी ठरली नाही. क्षमा देणं हे ज्याचं नुकसान झालं त्याच्या हातात आहे. तुम्ही ती व्यासपीठावरून स्वतःच स्वतःला वाटून घेऊ नका. वेदीपाशी अर्पण आणलंत आणि भावाच्या मनात तुमच्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेवून आधी त्याच्याकडे जा, हे मत्तय 5 मध्ये आहे. तुम्हाला ते तोंडपाठ आहे, रविवारच्या शाळेत तुम्हीच शिकवता. प्रभूने क्षमा केली असेल, आनंद आहे. चाव्या मात्र परत द्यायच्या, खजिनदारपद पुन्हा मागायचं नाही. पासबुकं आणा, एकूण रक्कम सांगा आणि पहिला हप्ता कोणत्या तारखेला देणार तेही त्या बायकांसमोर सांगा.