कुश्शारोच्या काठावरचं झाड

जपानच्या होक्काइडो बेटावर कुश्शारो नावाचं तळं आहे. त्याच्या काठावर एक झाड होतं. हिवाळ्यात पार निष्पर्ण, चहूकडे बर्फ आणि त्यात शाईच्या फटकाऱ्यासारख्या काळ्याभोर फांद्या. २००२ साली मायकेल केन्ना या इंग्रज फोटोग्राफरने त्याचा फोटो काढला आणि पुढे कितीतरी हिवाळे तो त्याच झाडाकडे परत जात राहिला.

प्रवास करणारा फोटोग्राफर म्हटलं की आपण त्याचे देश मोजतो. मला हे मापच चुकीचं वाटतं. केन्ना जगभर फिरलाय, पण त्याची कारकीर्द उभी आहे ती परत जाण्यावर. जुन्या मित्राला भेटावं तसा तो जागांना भेटतो.

इंग्लंडमधल्या विड्नेस गावचा, १९५३ चा जन्म, कामगाराच्या घरातला. पाद्री व्हायचं म्हणून सेमिनरीत शिकला. ती शांतता त्याच्या फोटोंत मला अजून जाणवते. पुढे सॅन फ्रान्सिस्कोत रूथ बर्नहार्ड या ज्येष्ठ फोटोग्राफरबाईंचे प्रिंट काढून देण्याचं काम त्याने बरीच वर्षं केलं. स्वतःचं नाव व्हायच्या आधी दुसऱ्याच्या निगेटिव्हवर हात बसवला, हे मला फार मोलाचं वाटतं.

फिल्म, चौकोनी फ्रेम, कृष्णधवल. रात्री शटर उघडून तो तासन्‌तास थांबतो, कधीकधी अख्खी रात्र. तेवढ्यात लाटांचं धुकं होतं, तारे रेघा ओढत जातात. आणि प्रिंट केवढा? जेमतेम आठ इंची, डार्करूममध्ये स्वतः काढलेला. भिंतीजवळ जाऊन उभं राहिल्याशिवाय तो दिसतच नाही. आजच्या भल्यामोठ्या प्रिंटांच्या काळात हा हट्ट मला मनापासून पटतो.

२००७ मध्ये त्याने दक्षिण कोरियात वोल्चॉनजवळच्या चिमुकल्या बेटावरची पाइनची झाडं टिपली. तिथे गॅसचा प्रकल्प यायचा होता. फोटो गाजला, लोक ती झाडं बघायला येऊ लागले, आणि झाडं वाचण्यात त्या एका फोटोचा मोठा वाटा राहिला.

कुश्शारोचं झाड मात्र २००९ मध्ये तोडलं गेलं. त्याचे फोटो बघताना आता घशात काहीतरी अडकतं.

भंडारदऱ्याच्या काठावरच्या एका उंबराकडे मी सहा वर्षं जातोय. गेल्या मे महिन्यात पाणी खूप खाली गेलं होतं आणि त्याची मुळं पहिल्यांदाच उघडी दिसली. कॅमेरा तसाच गळ्यात ठेवून मी बराच वेळ नुसता बघत बसलो. पाऊस सुरू व्हायच्या आत पुन्हा जायचंय.