आठ सेकंदांचं सासर

लग्नाचे व्हिडिओ एडिट करण्यात माझी १४ वर्षं गेली. नाशकातल्या गंगापूर रोडपासून सिडकोपर्यंतच्या कुठल्याही मंगल कार्यालयाची कमान मी अर्ध्या सेकंदात ओळखतो. अक्षता कुठे कापायच्या, मामांचं भाषण कुठे आवरायचं, रुसलेली आत्या किती फ्रेम दाखवली म्हणजे तिलाही समाधान आणि यजमानांनाही त्रास नाही, हे सगळं हाताला पाठ. त्यामुळे पिंपळगाव बसवंतचे एक द्राक्ष बागायतदार येऊन म्हणाले, "दादा, पोराच्या लग्नाचा व्हिडिओ सुरू होताना द्राक्षाचा घड डुलत डुलत खाली यायला पाहिजे, अन् त्यातून दोघांची नावं उमलली पाहिजेत," तेव्हा मी "त्यात काय, आठ सेकंदांचं काम" असं म्हणून मोकळा झालो.

बोलून गेलो आणि मग आठवलं की हे आपल्याला येत नाही.

असल्या कामाला मोशन ग्राफिक्सचं, म्हणजे चित्रं-अक्षरं हलवायचं, वेगळं सॉफ्टवेअर लागतं. त्याचं नाव मी घेणार नाही. आमची आजी आजोबांचं नाव घेत नसे, 'हे' म्हणायची. त्या 'हे'मध्ये आदर किती आणि धास्ती किती, याचा उलगडा मला आता होतोय. मीही 'हे'च म्हणतो. शिवाय माझं जुनं एडिटिंगचं सॉफ्टवेअर म्हणजे माहेर. तिथे मी डोळे मिटून वावरतो. तिथल्या जोरावर मी रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगाच्या हौदात, धप्पा मारावा तसा 'ह्यां'च्यात उतरलो.

माहेरी क्लिप एकापुढे एक मांडायच्या, पंगतीत पानं मांडतात तशा. त्याच सवयीने मी वीसेक क्लिप आत ओढल्या. प्रत्येक क्लिप स्वतंत्र ओळीत, एकीच्या डोक्यावर दुसरी. पंगत कुठली, वणीच्या गडाच्या पायऱ्या! म्हटलं, निदान कापाकापी तरी करू. माहेरी 'सी' दाबलं की कात्री हातात येते. इथे 'सी' दाबलं आणि हातात कॅमेरा आला. कापायचं असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि डी, तिन्ही एकदम दाबायचं. आणि एवढं करून क्लिप कापली, की तिचा दुसरा तुकडा लगेच नव्या ओळीत राहायला जातो. कापल्या कापल्या चूल वेगळी.

मग स्पेसबार दाबला. माहेरी स्पेसबार दाबला की चित्र पळतं. इथे आधी वर एक हिरवी पट्टी मुंगीच्या पावलाने सरकते, कारण 'हे' प्रत्येक फ्रेम आधी तयार करून रॅममध्ये साठवतात आणि मग दाखवतात. द्वारका चौकात संध्याकाळी सहाला माझी गाडी याच वेगाने सरकते. माझ्या मशीनला १६ जीबी रॅम आहे, ती 'ह्यां'च्या न्याहारीलाच संपते. रामकुंड हाकेच्या अंतरावर, काळाराम मंदिर त्याच्या मागे, उभी पंचवटी रामाची, आणि माझ्याकडे मात्र रॅम कमी पडावी याला काय म्हणायचं?

घड हलवायचं काम मी सोपं समजत होतो. फिरवला, तर तो छताच्या पंख्यासारखा स्वतःभोवती गरगरला. घड देठाला लटकून डुलायला हवा, हे मला कळतं, नाशिककर आहे मी. पण 'ह्यां'च्या मते प्रत्येक वस्तूचा एक अँकर पॉइंट असतो, म्हणजे खिळा. तो मुळात वस्तूच्या मधोमध ठोकलेला असतो. खिळा देठावर न्यायला गेलो तर खिळा जागेवर आणि घड पडद्याबाहेर. ट्युटोरियलमधला मुलगा या ठिकाणी म्हणतो, "नाउ सिम्पली मूव्ह द अँकर पॉइंट." त्याच्या बारा मिनिटांत मी 'सिम्पली' २३ वेळा मोजलं. एखादी गोष्ट खरोखर सिम्पली होत असेल तर सांगणारा हा शब्द वापरत नाही, असं माझं मत झालंय. (योग्य हत्यार 'वाय' दाबल्यावर येतं. हे मला तिसऱ्या दिवशी कळलं.)

घड एकदाचा डुलला. आता थांबायला हवा होता. तो शालिमारची रिक्षा पॅसेंजर दिसल्यावर थांबते तसा कचकन थांबायचा. हालचाल हळू सुरू होऊन हळू संपावी म्हणून कीफ्रेम, म्हणजे हालचाल कुठून कुठे याच्या खुणा, मऊ कराव्या लागतात, आलेखातली रेघ वाकवावी लागते. शाळेत आलेखाच्या कागदाला भिऊन मी कॉमर्सला गेलो होतो. चाळिशीत तो स्क्रीनवर भेटला. तरी दोन तास घासून रेघेला छान बाक आणला, आणि खुशीत त्या ओळीच्या सुरुवातीच्या छोट्या स्टॉपवॉचवर क्लिक केलं. वाटलं, वेळ दिसेल. त्या घड्याळावर पुन्हा क्लिक केलं की त्या ओळीतल्या सगळ्या कीफ्रेम पुसल्या जातात. कंट्रोल झेड सुचायला हवं होतं, पण मी आधी घाबरून फाइल सेव्ह करून बंद केली.

त्या रात्री मला दादासाहेब फाळके आठवले. जन्म त्र्यंबकेश्वरचा, १८७० सालचा. १९१३ मध्ये पहिला चित्रपट दाखवल्यावर बिऱ्हाड आणि कारखाना नाशकात आणला. त्याआधी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज थोडी थोडी फिल्म खर्चून त्याचं रोप वाढताना दाखवलं. पुढे काड्यापेटीतल्या काड्या एकेक फ्रेम हलवून त्यांचा खेळ केला. मी हिशोब केला : सेकंदाला २५ फ्रेम, आठ सेकंदांच्या २००. मंडईतून अर्धा किलो द्राक्षं आणून, दोऱ्याला बांधून, बोटाने २०० वेळा हलवली असती तर संध्याकाळपर्यंत काम झालं असतं आणि रात्री द्राक्षंही खाता आली असती.

बायकोने शेजारच्या खोलीतून विचारलं, "अहो, अजून तीच आठ सेकंदं?" तोच सनईचा तुकडा ती पाच दिवस ऐकत होती. सहाव्या दिवशी ती भाजी चिरताना तो गुणगुणायला लागली.

अक्षरांची कथा वेगळीच. पत्रिकावाल्याने पाठवलेला मजकूर जुन्या फॉन्टमधला निघाला. उघडला तर इंग्रजी चिन्हांचा सडा. म्हणून हाताने 'शुभविवाह' टाइप केलं. 'वि'ची वेलांटी डावीकडे उभी राहायची सोडून उजवीकडे जाऊन बसली, मानपान न झालेल्या आत्यासारखी. 'द्राक्ष' लिहिलं तर सगळी जोडाक्षरं पाय मोडून वेगवेगळी उभी. माझ्याकडे शिकाऊ म्हणून येणाऱ्या पोराने मागून डोकावून पाहिलं. वय १९. "दादा, टाइपच्या सेटिंगमध्ये साउथ एशियन करा ना." केलं. सगळा गोतावळा गुपचूप जागेवर आला. हे कुठून कळलं म्हणून विचारलं तर म्हणाला, "असंच, दाबून बघितलं." १४ वर्षांचा अनुभव असला की माणूस दाबून बघत नाही, हीच अडचण आहे.

नवव्या दिवशी घड डुलत खाली आला, थांबला, थोडा मागे झुलला, आणि नावं उमलली. मी स्वतःच स्वतःची पाठ थोपटली. बागायतदारांना बोलावलं, चहा मागवला, व्हिडिओ लावला. त्यांनी एकदा पाहिला. परत पाहिला. मग स्क्रीनजवळ जाऊन म्हणाले, "थांबवा बरं जरा."

थांबवला.

"हा घड कुठला घेतला तुम्ही? हा तर काळा, शरद जातीचा दिसतोय. आमची बाग हिरव्या थॉमसनची." मी म्हटलं, रंग बदलतो. "ते तर बदलाच. पण जास्तीचे मणी कापून विरळणी कुठं केलीय याची? मणी बघा की. एक बोरासारखा, एक शेंगदाण्यासारखा. असला माल कोण एक्स्पोर्टला भरतं? व्याही निफाडचे आहेत, दादा. मांडवात स्क्रीनवर हे दिसलं तर काय म्हणतील?"

"आणि डुलतो कसा?" मी विचारलं.

"डुलतो ना, वाऱ्याने डुलतोच की."

ते गेल्यावर मी मणी मोजले. ६४. प्रत्येकाची ओळ वेगळी. विरळणीला बसलो, आणि कात्रीसाठी सवयीने 'सी' दाबलं. कॅमेरा आला.