गुन्हा करा, पण घराण्याला शोभेलसा

गुन्हा काय, कुणीही करतो. गुन्हा करून वर सोसायटीत ‘काका’ म्हणवून घेणं, ही खरी विद्या. ती शिकायची तर नाशिकमध्ये पतंगांच्या संक्रांतीसारखा मुहूर्त नाही.

आधी चेहऱ्याचं बघा. गुन्हेगार जन्मजात असतो आणि कपाळ-जबड्यावरून ओळखू येतो, असं लोम्ब्रोसो नावाच्या इटालियन डॉक्टरानं १८७६ साली सांगितलं. शास्त्रानं ते कधीच मोडीत काढलं, फक्त आपल्या गेटवरच्या वॉचमनला अजून कुणी कळवलेलं नाही. इंग्रज तर त्याच्याही पुढचे. १८७१ सालीच त्यांनी कायदा करून अख्ख्या जमाती गुन्हेगार ठरवायला सुरुवात केली. १९५२ साली तो कायदा गेला. तरी कॉलनीत चोरी झाली की आपलं पहिलं बोट मोकळ्या मैदानातल्या पालांकडेच जातं. तेव्हा इस्त्रीचा शर्ट घाला. निम्मं काम तिथंच झालं.

आता शिक्षण. गुन्हा हा रक्तात नसतो, तो जवळच्या माणसांकडून शिकावा लागतो, असं सदरलँड हा अमेरिकन समाजशास्त्रज्ञ सांगून गेला. पांढरपेशांचे गुन्हेही मोजा, असं १९३९ साली भर व्यासपीठावरून म्हणणारा तोच. त्याला इंदिरानगरातली आमच्या समोरची गच्ची दाखवायला हवी होती. बाप मुलाच्या हातात आसारी, म्हणजे मांजाची फिरकी देतो, बोटांना चिकटपट्टी गुंडाळून देतो आणि हळूच सांगतो, “कुणी विचारलं तर साधा दोरा आहे म्हणायचं.” एका वाक्यात कसबही आलं आणि सबबही. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ साली देशभर बंदी घातली, हे बापाला पाठ आहे. म्हणून तर तो हळू बोलतो.

सबबी मात्र घोटून ठेवा, ऐनवेळी आठवत नाहीत. साइक्स आणि माट्झा या दोन अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी १९५७ साली सबबींचे पाच प्रकार सांगितले. समोरच्या गच्चीवरचा बाप, म्हणजे आमचे काका; त्यांनी या दोघांचं अक्षर वाचलेलं नाही, तरी पाचही तोंडपाठ. “दुकानात दुसरा मांजाच नव्हता हो.” “एवढ्या उंचावरून कुणाला काय लागणार?” लागलंच, तर “गाडी एवढी सुसाट मारायचीच कशाला?” पोलीस आले, तर “आधी बनवणाऱ्यांना धरा ना, आम्हीच सापडतो का?” आणि शेवटचा हुकमी, “पोराचं मन मोडवत नाही.” या शेवटच्यापुढे भले भले गप्प होतात. बापाचं काळीज म्हटल्यावर कलम कोण काढणार?

आता शिक्का. कृत्यापेक्षा समाज कुणाला काय नाव देतो त्यावर गुन्हेगार ठरतो, असं बेकर हा अमेरिकन समाजशास्त्रज्ञ १९६३ साली म्हणाला. तुम्ही पेपर वाचता, तुम्हाला वेगळं सांगायला नको. पोत्यातून चार रिळं विकणारं झोपडपट्टीतलं पोरगं ‘ताब्यात’ घेतलं जातं, पुढच्या वर्षी तेच ‘सराईत’ होतं. त्याच्याकडून ती रिळं घेणारे तुम्ही मात्र ‘हौशी पतंगप्रेमी’. फोटोसुद्धा रंगीत.

पकडले जाण्याची फार धास्ती नको. शिक्षा किती कडक यापेक्षा ती किती हमखास, यावर तिचा वचक असतो, असं बेकारिया हा इटालियन विचारवंत १७६४ साली लिहून गेला. आपल्याकडे हमखास काय असेल तर लोकअदालत. सिग्नल तोडल्याचे ई-चलान मोबाइलवर साठवायचे, तिथं कमी करून घ्यायचे. काकांकडे सात आहेत. ते अभिमानानं दाखवतात.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काका ऑफिसला निघाले. ऊन चांगलंच तापलं होतं, तरी गळ्याला काकूंचा लोकरी मफलर, दोन वेढे देऊन. म्हटलं, काका, एवढ्या उन्हात?

“अरे, द्वारका चौकातून जायचंय. लोकांना अक्कल नाही, कुठं मांजा लोंबत असेल सांगता येत नाही,” म्हणाले, आणि स्कूटरला किक मारून वळसा वाचवायला राँग साइडनं निघून गेले.